आर्क्टिकमध्ये गाईडसोबत हायकिंग आणि बर्फातला प्रवास: कोकणातून निघताना प्लॅनिंग कसं करायचं

आर्क्टिकला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न जॅकेटचा येतो. कुठलं घेऊ, किती मायनस डिग्रीचं घेऊ, मुंबईत मिळेल का. ओळखीतलं कोणीही विचारायला आलं की मी तेच सांगते, जॅकेट सगळ्यात शेवटी, ते तिकडे भाड्यानेसुद्धा मिळतं. आधी गाईड कोण ते ठरवा आणि हातात मोकळे दिवस किती आहेत ते मोजा, कारण त्या मुलखात ट्रिप नीट पार पडते की अंगाशी येते ते या दोनच गोष्टींवर ठरतं.

वेंगुर्ला-मालवणात वाढलेल्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागू नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते, आणि पुढे नारळी पौर्णिमेला नारळ सोडला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे दर्यात जातातच असं नाही, तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, वारा बघतो, पाण्याचा रंग बघतो आणि तो नाही म्हणाला की नाही, मग घरात पैशाची कितीही ओढाताण असो. आर्क्टिकमधला गाईड म्हणजे हा तांडेल. त्याने "आज तंबूतच बसायचं" म्हटलं की बसायचं, आणि असे बसून राहायचे दिवस आधीच हिशोबात धरलेले पाहिजेत. सात दिवसांच्या ट्रिपसाठी सात दिवसांची रजा घेऊन निघालात तर तुम्ही पहिल्या दिवसापासून गाईडवर घाई करणार, आणि घाईतच माणसं नको त्या नदीत उतरतात. माझा नियम सरळ आहे, दुर्गम भागात आत जाताना एक आणि बाहेर येताना दोन दिवस राखीव, आणि परतीचं इंटरनॅशनल तिकीट त्याच्याही पुढचं.

कुठे जायचं

आर्क्टिक म्हणजे साधारण साडेसहासष्ट अंश उत्तरेच्या वरचा सगळा पट्टा, त्यात फिनलंडमधली गरम शेकोटीवाली लाकडी झोपडीही येते आणि अलास्कातली जिथे मैलोन्‌मैल माणूस नाही ती दरीही येते, तेव्हा "आर्क्टिक ट्रिप" एवढंच बोलून काही कळत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी फिनलंड किंवा स्वीडनचा लॅपलंड, म्हणजे त्या देशांचा उत्तरेकडचा भाग, सुचवते. फिनलंडमध्ये इवालो एअरपोर्टवर उतरलं की सारिसेल्का जवळ आहे आणि तिथून उर्हो केक्कोनेन नॅशनल पार्क सुरू होतं, सुमारे २,५५० चौरस किलोमीटरचं. आत ठिकठिकाणी लाकडी झोपड्या आहेत, काही फुकट आणि सगळ्यांसाठी उघड्या, काही बुक करून घ्यायच्या, आत चूल आणि सरपण असतं. दिवसभर स्कीवर चालायचं, मागे स्लेज, म्हणजे सामानाची बर्फावरची घसरगाडी, ओढायची आणि रात्री चुलीपाशी मोजे सुकवायचे. हे मोजे सुकवणं किती मोठी गोष्ट आहे ते पुढे सांगते. स्वीडनमध्ये आबिस्कोपासून खाली हेमावानपर्यंत कुंग्स्लेडेन नावाची सुमारे ४४० किलोमीटरची वाट जाते, सगळी कोणी करत नाही, आबिस्को ते निकालुओक्ता हा शंभरएक किलोमीटरचा उत्तरेचा भाग लोकांच्या आवडीचा. हिवाळी वाटेवर उंच खांबांवर लाल फुल्या लावलेल्या असतात, म्हणजे वादळात एका फुलीवरून दुसरीकडे जाता येतं. स्टॉकहोमहून आबिस्कोला रात्रीची ट्रेन जाते, त्यामुळे विमानाचा एक टप्पा वाचतो.

स्वालबार्ड हे नॉर्वेच्या ताब्यातलं बेट-समूह, मुख्य गाव लाँगयिअरब्येन, ७८ अंश उत्तरेला. तिथे झाड नाही आणि पांढरं अस्वल आहे. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असणं कायद्याने सक्तीचं, गाईड रायफल घेऊनच चालतो, त्यामुळे गाईडशिवाय जायचा विचारही आपल्यासारख्यांनी करू नये. २०२५ पासून नियम आणखी कडक झालेत, अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. फोटो काढायला जवळ नेतो असं कुठला ऑपरेटर सांगत असेल तर तिथेच त्याला नमस्कार करा. आपल्यासाठी आणखी एक जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र याच स्वालबार्डात नी-ओलेसुंडला आहे, २००८ साली सुरू झालं, आणि त्याचा कारभार बघणारी संस्था आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे. शाळेतल्या मुलांना आर्क्टिक लांबचं वाटतं तेव्हा मी हे मुद्दाम सांगते.

अलास्कातलं गेट्स ऑफ द आर्क्टिक नॅशनल पार्क मात्र वेगळीच गोष्ट. १९८० सालचं पार्क, ब्रूक्स पर्वतरांगेत, आत एकही रस्ता नाही आणि बांधलेली पायवाटही नाही. फेअरबँक्सहून छोट्या विमानाने बेटल्स किंवा कोल्डफूट, तिथून आणखी छोटं विमान तुम्हाला तळ्यावर किंवा नदीच्या गोट्यांच्या पट्ट्यावर उतरवून जातं आणि ठरलेल्या दिवशी घ्यायला येतं, हवा असेल तर. ढग खाली आले की नाही येत. दोन-तीन दिवससुद्धा नाही येत. आपल्या गडांवर सवय झालेल्या ट्रेकरने इथे नकाशावरचे किलोमीटर बघून फसू नये, कारण जमीन खाली कायमची गोठलेली, वरचा पातळ थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो आणि पाणी मुरायला जागाच नसते, त्यामुळे सगळीकडे चिखल आणि त्यात गवताचे गुडघ्याएवढे हलते गठ्ठे. वर पाय ठेवला तर डुगडुगतो, मध्ये ठेवला तर पाण्यात जातो. अशा जमिनीवर दिवसाला आठ-दहा किलोमीटर झाले तरी भरपूर. उंचीचा त्रास नाही हो, ब्रूक्स रांगेतलं सगळ्यात उंच शिखरसुद्धा २,८०० मीटरच्या आतच आहे, हिमालयातलं डोकं दुखणं इथे नाही, इथे घोटे आणि चिकाटी लागते.

ग्रीनलंडमध्ये कांगेरलुसुआक ते सिसिमिउत अशी सुमारे १६० किलोमीटरची वाट आहे, उन्हाळ्यात छान, पण तिकडच्या व्हिसाची भानगड पुढे वाचा.

कधी जायचं, आणि शिमगा-गणपतीचं काय

इथे आपल्या कोकणी माणसाची खरी पंचाईत होते. बर्फातल्या प्रवासाला सगळ्यात चांगला महिना मार्च, आणि मार्चमध्ये आपला शिमगा. चालायच्या ट्रिपला सगळ्यात सुंदर काळ ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात, तेव्हा गणपती. पालखी घरी यायच्या दिवशी मी लॅपलंडला आहे हे घरात सांगायला धाडस लागतं, त्यामुळे कॅलेंडर काढून बसा आणि आधी सणाच्या तारखा टाका. शिमगा मार्चच्या सुरुवातीला आला असेल तर महिनाअखेर किंवा एप्रिलचा पहिला आठवडा धरा, उशिरा आला असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात जाऊन या. ज्यांच्या आंब्याच्या बागा आहेत त्यांनी एप्रिलच्या नादाला लागू नये, काढणीच्या वेळी घरात माणूस लागतोच.

मार्चच का, तर २१ मार्चच्या आसपास जगात सगळीकडे दिवस आणि रात्र जवळजवळ बारा-बारा तासांचे असतात, आपल्याकडे आणि तिकडेही. म्हणजे चालायला भरपूर उजेड, रात्री अंधार असल्यामुळे आभाळ साथ देत असेल तर ऑरोरा, म्हणजे आकाशातला तो हिरवट प्रकाश, तोही दिसतो, बर्फ बसलेला असतो आणि नद्या-तळी अजून गोठलेली. लोक ऑरोरासाठी डिसेंबर बुक करतात. लाँगयिअरब्येनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, आणि डोंगर आड येत असल्यामुळे गावात ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. हॉटेलात राहून एक-दोन तास बाहेर पडायचं असेल तर डिसेंबर ठीक, पण स्कीवर आठवडाभर प्रवास करायचा तर अंधारात तो करू नका, पहिल्या वेळी तर नाहीच नाही.

उन्हाळ्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालता येतं. जून-जुलैत चोवीस तास उजेड, झोपताना डोळ्यांवर पट्टी लागते, आणि जूनच्या शेवटापासून जुलैभर डास. आपल्याला वाटतं आपण डासांना सरावलोय, पण तिकडचे डास ढगांसारखे येतात, डोक्यावरून घ्यायची जाळी न्यायलाच हवी. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात डास विरतात, सगळी टुंड्रा लाल-पिवळी होते, ब्लूबेरी पिकते, रात्रीचा अंधार परत यायला लागतो. गणपती सप्टेंबरच्या मध्याला असेल त्या वर्षी ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे उचला, मोदकाला घरी पोचता.

गाईड निवडताना काय विचारायचं

वेबसाईटवरचे फोटो सगळ्यांचेच चांगले असतात, म्हणून मेल लिहा आणि प्रश्न विचारा, आणि उत्तरं कशी येतात त्यावरून माणूस ओळखा. पहिला प्रश्न, माझ्यासोबत प्रत्यक्षात कोण येणार, त्याने त्याच भागात किती सीझन काढलेत, आणि दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं त्याचं सर्टिफिकेट चालू आहे का. दुसरा, एका गाईडमागे किती माणसं, कारण बर्फात एका गाईडमागे आठ-दहा जण म्हणजे मागच्याचं नाक पांढरं पडलेलं पुढच्याला कळणार नाही. हिवाळ्यात डोंगरउतारावरून जाणार असाल तर हिमस्खलनाचं ट्रेनिंग विचारा. मग विचारा की कोणी जखमी झालं तर नेमकं काय करता, कुणाला कळवता, हेलिकॉप्टर किती वेळात येऊ शकतं, हवा खराब असेल तर तोवर काय. चांगला गाईड याचं लांबलचक, स्पष्ट, थोडं घाबरवणारं उत्तर देतो. "काळजी करू नका, असं कधी झालंच नाही" हे उत्तर आलं तर दुसरा बघा.

अलास्कातल्या नॅशनल पार्कमध्ये पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्याकडे पार्कची परवानगी लागते आणि परवानगी असलेल्यांची यादी पार्ककडे असते, ती बघा. शिवाय पार्कच्या आत अनाक्तुवुक पास नावाचं नुनामिउत या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव आहे, आजूबाजूची काही जमीन त्यांच्या मालकीची. ऑपरेटर त्या लोकांशी कसा वागतो, परवानगी घेतो का, हेही विचारा. फिनलंड-स्वीडनमध्ये सामी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचे रेनडिअर चरत असतात, वसंतात पिल्लं व्हायच्या वेळी त्यांना हुसकावणं म्हणजे कोणाच्या तरी पोटावर पाय, आपल्या कातळावर गुरं चरतात तिथे कोणी हॉर्न वाजवत गाडी घातली तर आपल्याला कसं वाटेल तसंच ते.

पैशाबद्दल एवढंच, की आकडा ऐकण्याआधी त्यात काय-काय धरलंय ते लिहून घ्या. छोट्या विमानाचं भाडं वेगळं आहे का, हवेमुळे अडकून पडलो तर त्या रात्रीचं जेवण-राहणं कुणाकडे, कपडे आणि बूट भाड्यात येतात का, ट्रिप रद्द झाली तर किती परत. लॅपलंडमध्ये बरेच ऑपरेटर जाड ओव्हरऑल, बूट, मिटन्स स्वतःच देतात आणि आपण उगाच मुंबईत पन्नास हजार घालून बसतो. आणि तुमची माहिती त्यांना खरी द्या. गुडघा दुखतो, शुगर आहे, पोहता येत नाही, स्की कधी पायाला लावली नाही, सगळं सांगा. शुगरवाल्यांनी तर नक्कीच, कारण इन्सुलिन गोठलं की वाया जातं, ते अंगाशी ठेवावं लागतं, आणि शुगर तपासायचं मशीन थंडीत बंद पडतं.

थंडीपेक्षा ओल वाईट

आपण दमट हवेतली माणसं. घाम आला तर आला, पंख्याखाली बसलं की झालं, अशी सवय. तिकडे उणे २५ मध्ये ही सवय सगळ्यात आधी मोडावी लागते, कारण ओलं कापड अंगातली उष्णता कोरड्या हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने खेचून घेतं. चालताना माणूस तापतो, घाम येतो, आणि थांबलं की दहा मिनिटांत तोच घाम बर्फ व्हायला लागतो. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, आरामात ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे, काढा. तापायला लागलं की घाम यायच्या आधी चेन उघडा, टोपी काढा, वेग कमी करा. थांबल्यावर मात्र क्षणही न घालवता पिशवीत सगळ्यात वर ठेवलेलं मोठं पिसांचं जॅकेट सगळ्याच्या वरून चढवायचं, मग पाणी, मग खाणं, मग गप्पा. हे सगळं गाईड सांगतोच, पण तो तुमच्या अंगात शिरून बघू शकत नाही, घाम तुम्हालाच कळतो.

कॉटन घरी ठेवा, आतल्या कपड्यांपासून सगळं. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं. हाताला पातळ हातमोजे आणि त्यावर मोठे मिटन्स, मिटन्सना दोरी लावून गळ्यात, कारण वाऱ्यात एक उडालं की तो हात गेलाच समजा. बूट एक-दीड साईज मोठे, बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात तीन मोजे घातले तर पाय आणखी गार पडतो. लांबच्या ट्रिपमध्ये काही जण पातळ मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर जाड मोजा असं घालतात म्हणजे पायाचा घाम बुटात मुरत नाही, विचित्र वाटतं पण चालतं. रात्री ओले मोजे झोपायच्या पिशवीत पोटाशी घेऊन झोपायचं, सकाळी सुके मिळतात.

पाण्याची बाटली उलटी ठेवायची, बर्फ वरून धरायला लागतो आणि बाटली उलटी असली की तोंड मोकळं राहतं. नळीवाली पाण्याची पिशवी नेऊ नका, नळी पहिल्या तासात गोठते. बर्फ वितळवून पाणी करताना भांड्यात तळाशी थोडं पाणी घालून मग बर्फ टाका, नाहीतर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. साध्या ब्यूटेन गॅसचा स्टोव्ह शून्याच्या आसपासच मान टाकतो म्हणून हिवाळ्यात पेट्रोलसारख्या इंधनाचा स्टोव्ह वापरतात, आणि ते गार इंधन उघड्या हातावर सांडलं तर कातडी क्षणात गोठते, तेव्हा ते काम गाईडवर सोडा. तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा नाही, विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

नाक, गाल, कान पांढरे-मेणचट दिसले तर लगेच हाताच्या उबेने किंवा उबदार कापडाने झाका. बर्फाने चोळायचं नाही, शेकोटीला धरायचं नाही. जोडीदार गप्प झाला, अडखळून बोलायला लागला, साधी चेन लावता येईना, तर तो दमलाय असं समजू नका, गाईडला हाक मारा. स्वतःला हे स्वतःचं कळत नाही, म्हणून जोड्या करून एकमेकांचं तोंड बघत राहायचं.

गोठलेल्या नदीवरून जाताना अलास्कात एक प्रकार असतो, खालचं पाणी दाबाने गोठलेल्या थराच्या वर येतं आणि वरच्या भुसभुशीत बर्फाखाली लपून राहतं, वरून कोरडं पांढरं दिसतं आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत पाणी. उणे ३० मध्ये ओला बूट म्हणजे पायाची बोटं धोक्यात. गाईड ज्या रेषेतून गेला त्याच रेषेतून जा, फोटोसाठी चार पावलं बाजूला नको. उन्हाळ्यातल्या नद्यांचंही तसंच, हिमनदीचं पाणी दुपारनंतर वाढतं म्हणून सकाळी ओलांडतात, जिथे पात्र रुंद होऊन फाटे फुटलेत तिथे, आणि पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा सोडून, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. खाडीत पोहलेल्याला सुद्धा ते पाणी दोन मिनिटांत लुळं करतं.

बायकांसाठी दोन ओळी, कारण हे कोणी लिहीत नाही. रात्री तंबूबाहेर जायचं टाळायला रुंद तोंडाची बाटली ठेवा, उभ्याने लघवी करता येणारं फनेल आधी घरी बाथरूममध्ये वापरून सराव करा. पाळी येणार असेल तर दुप्पट सामान न्या, वापरलेलं सगळं परत आणायचं असतं, पुरायचं नाही, त्यासाठी आतलं बाहेरून न दिसणारी एक झिप पिशवी ठेवा. पाणी कमी प्यायचं नाही, तिकडची हवा इतकी कोरडी असते की श्वासातूनच पाणी जातं.

खाणं

माझ्या आयेचा पहिला प्रश्न, "थंय जावन खातलंस काय गो?" अगदी बरोबर प्रश्न. स्लेज ओढताना दिवसाला चार-पाच हजार कॅलरी सहज लागतात आणि त्यातल्या बऱ्याच तेला-तुपातून याव्या लागतात. पण भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तूप त्यातच आलं, तेव्हा लोणी तिकडे विकत घ्या. अमेरिकेत घरचा तांदूळ नेऊ नका, भारतातून सामानात आणलेला तांदूळ तिकडे काढून घेतात. बाकी जे न्याल ते पॅकबंद, नाव लिहिलेलं, आणि फॉर्मवर सांगितलेलं असू दे.

आपली कुळथाची पिठी या कामाला फार चांगली, वजन कमी, पाच मिनिटांत शिजते, इंधन वाचतं आणि पोटात ऊब राहते. आमसुलं, सुकं खोबरं, शेंगदाणे, फणसपोळी, आंबापोळी न्या, पण पोळीचे बारीक तुकडे घरूनच करून, कारण थंडीत ती इतकी कडक होते की दात दुखतात. खोबरेल मात्र ठेवा घरी, ते आपल्याकडे डिसेंबरातच थिजतं, तिकडे बाटलीतून बाहेरच येणार नाही. श्रावण पाळणाऱ्यांनी ऑगस्टच्या ट्रिपआधी ऑपरेटरला नुसतं "व्हेज" लिहू नका, मासे नाही, अंडं नाही, मांसाचं सूप नाही असं एकेक लिहा, कारण तिकडे कित्येकांच्या डोक्यात मासे व्हेजमध्ये येतात.

अस्वलांच्या भागात खाणं अस्वलाला न उघडता येणाऱ्या डब्यात, गेट्स ऑफ द आर्क्टिकमध्ये हे सक्तीचंच आहे. स्वयंपाक तंबूपासून लांब. सुक्या मासळीचा वास आपल्याला घरचा वाटतो, पण तो अस्वलालाही आवडतो, त्यामुळे सुकट-बोंबील या ट्रिपला नको. टूथपेस्ट, क्रीमसुद्धा त्याच डब्यात.

तयारी इथेच करायची

समुद्रकाठी राहणाऱ्यांना एक फायदा आहे. शिरोडा, देवबाग, तारकर्ली, कुठल्याही लांब वाळूवर जुना ट्रकचा टायर कमरेला दोरीने बांधून ओढत चालायचं. स्लेज ओढायचा हा खरोखरीचा सराव आहे, ध्रुवावर जाणारी माणसंही हेच करतात. कोरड्या वाळूत सुरुवातीला वीस मिनिटं, मग वाढवत दोन तास, आठवड्यातून तीनदा. मुलं मागे लागतील, लागू द्या, त्यांना टायरवर बसवलं की वजनही वाढतं. उन्हाळी हायकिंगसाठी पावसाळ्यात आंबोली आणि नारूरकडून रांगणा किल्ला, पाठीवर पंधरा किलो घेऊन. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ओल्या कपड्यात दिवस काढणं, निसरड्यावर पाय टाकणं, सॅकमधलं सामान कोरडं ठेवणं, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

थंडीचा सराव मात्र इथे होणार नाही. परवडत असेल तर त्याआधीच्या हिवाळ्यात हिमालयात एखादा बर्फातला ट्रेक करा, केदारकंठा वगैरे, किंवा औलीला स्कीचा कोर्स. तंबूत उणे दहा-बाराला एक रात्र काढली की स्वतःबद्दल खूप काही कळतं. गुपचूप सांगते, काही जणांना तिथेच कळतं की हे आपल्याला नको आहे, आणि ते कळणंही चांगलं, आर्क्टिकचे पैसे वाचले.

कागदपत्रं आणि मशिनं

फिनलंड, स्वीडन, नॉर्वेला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, जास्त दिवस ज्या देशात त्या देशाकडे अर्ज, सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. पण तो व्हिसापुरता झाला, तुमच्या ट्रिपला तो पुरेल असं नाही. पॉलिसीत हेलिकॉप्टरने उचलून आणणं, स्कीइंग, दुर्गम भाग हे धरलंय का ते लेखी विचारा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही, तिकडे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परत येताना पुन्हा आत शिरायचं, म्हणून एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसाच मागा, नाहीतर परतीला अडकाल. ग्रीनलंडही शेंगेनबाहेर, डेन्मार्ककडे अर्ज करताना ग्रीनलंडसाठी वैध असा उल्लेख व्हिसावर हवा. अमेरिकेच्या व्हिसाला इंटरव्ह्यूची तारीखच कधी-कधी फार लांबची मिळते, त्यामुळे अलास्काचे परत न मिळणारे पैसे व्हिसा हातात आल्याशिवाय भरू नका. एकूण हिशोब केला तर निघायच्या वर्षभर आधी गाईडला पहिला मेल गेला पाहिजे.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. सॅटेलाईट फोन किंवा मेसेज पाठवायचं सॅटेलाईट यंत्र तिकडे प्रत्येक गाईडकडे असतं, असलंच पाहिजे, पण भारतात ते परवानगीशिवाय जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे. तिकडे स्वस्तात मिळालं म्हणून विकत घेऊन गोव्यात मोपाला किंवा मुंबईला उतरू नका, एअरपोर्टवरच अडवतात आणि केस होते. तिकडेच भाड्याने घ्या, तिकडेच परत करा. अस्वलाचा स्प्रेसुद्धा प्रवासी विमानात चालत नाही, तो फेअरबँक्सला घ्यायचा आणि छोट्या विमानाच्या पायलटला चढायच्या आधी सांगायचं की माझ्याकडे आहे, तो ठेवायची जागा दाखवतो. फोन अंगाशी, आतल्या खिशात. टॉर्चला लिथियमचे सेल, साधे अल्कलाईन सेल थंडीत मरतात.

घरच्यांसाठी एक कागद करून ठेवा. त्यावर ऑपरेटरचं नाव आणि नंबर, इन्शुरन्सचा नंबर, व्हिसा-पासपोर्टची झेरॉक्स, आत कुठे उतरणार आणि कुठून निघणार. परतीची तारीख लिहिताना राखीव दिवस धरूनच लिहा, म्हणजे १० तारखेला बाहेर पडायचं असेल आणि दोन दिवस हातचे असतील तर घरी "१२ च्या रात्रीपर्यंत फोन नाही आला तरी कोणाला फोन करू नका, १३ ला सकाळी ऑपरेटरला करा" एवढं साफ लिहून द्या. तो कागद एका माणसाकडे द्या, ज्याला इंग्रजीत फोनवर बोलता येतं आणि जो घाबरून गावभर करणार नाही.